चौतिसावं खोकं

९ फेब्रुवारी

ताई,

हे पाकीट हातात आल्यावर तू आधी ते उलटं करून मागे काही लिहिलंय का ते बघशील, मग शिक्क्यावरची तारीख बघशील आणि मगच फोडशील. औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठीसुद्धा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई तू. तीन वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून ती सवय सुटणार थोडीच. मी मजेत आहे. हे खोटं आहे, पण पहिल्या पत्रात असंच लिहायचं असतं.

फोन केला नाही, कारण तू 'बोल' म्हणाली असतीस आणि मला बोलता आलं नसतं. लहानपणी काच फोडली तरी मी तुला चिठ्ठी लिहूनच कळवायचे. आई गेल्यानंतर घरात रागवायला तू एकटीच उरली होतीस, आणि तू रागवायचीस ती चिठ्ठीतल्या चुका दुरुस्त करून झाल्यावर.

तर, नोकरीचं सांगते. कामगार सुरक्षा खात्याची विधी शाखा, तिसरा मजला, जिन्याने. तुझ्या फर्ममधल्या माझ्या खुर्चीला चाकं होती. इथल्या खुर्चीला साडेतीन पाय आहेत, उरलेला अर्धा पुठ्ठ्याचा. प्रिंटर सगळ्या मजल्यात मिळून एक, आणि तो रुसला की त्याची समजूत काढणारी बाई दुसऱ्या मजल्यावर बसते. पगाराचं विचारू नकोस, हसशील. मात्र लोक मान देतात. मोठ्या कंपन्यांची वकिली सोडून सरकारी नोकरीत आलेली बाई म्हणून खात्याच्या मासिकात माझा फोटोसुद्धा छापून आला. 'एवढं सगळं का सोडलंत?' असं त्यांनी विचारलं होतं. मी फार सुंदर उत्तर दिलं. कुठे मिळालं तर ते वाचू नकोस.

एक विचारायचं होतं. कोल्ड स्टोरेजच्या खटल्यातली ती चाळीस खोकी तुला आठवतात का? ती इथे आहेत. माझ्या खुर्चीच्या मागे.

तुझी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दोन दिवस टपालवाल्याला उगाच 'झालं का सगळं वाटून?' असं विचारत होते.

खोकी माझ्या मागे का, ते सांगते. खटला सरकार हरलं ते तुला माहीतच आहे, जिंकलो आपण होतो. दोन माणसं मेली, नऊ जणांची फुप्फुसं अमोनियाने जळली, आणि मालकांना काही ठाऊक होतं असा एकही कागद सरकारला दाखवता आला नाही. कागद वाचायला तेव्हा इथे एकच माणूस होता. सव्विसाव्या खोक्यापर्यंत पोचला आणि त्याची बदली झाली. आता नवा पुरावा सापडला तर खटला पुन्हा उघडता येतो. त्याला जूनपर्यंत मुदत आहे, म्हणून खोकी पुन्हा वर आणलीत आणि वाचायला आप्पांना बसवलंय.

आप्पा मे महिन्यात निवृत्त होणार. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक लोखंडी कपाट आहे, त्यामुळे मला ते दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. पान उलटल्याचा आवाज, पेन्सिल टेकवल्याचा आवाज, मग पुढचं पान. बदली झालेल्या माणसाने वाचलेली खोकी सोडून सत्ताविसाव्यापासून सुरुवात करा, असं साहेबांनी सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "दुसऱ्याने चावलेलं मी गिळत नाही साहेब." एकपासून सुरुवात केली. मागची कोरी बाजूसुद्धा बघतात. आज तेराव्या खोक्यात आहेत.

मी त्या फायलीला हात लावू शकत नाही. नोकरीला लागताना लिहून दिलंय, जुन्या अशिलाच्या कुठल्याही कागदाशी संबंध ठेवणार नाही म्हणून. आप्पांनाही ते माहीत आहे. मला गमतीने 'कंपनीवाल्या बाई' म्हणतात, आणि त्या खोक्यातला कागद हातात असताना मी पलीकडून गेले की तो छातीशी धरतात.

दर मंगळवारी एक मावशी येतात. कोल्ड स्टोरेजमध्ये वाटाणे भरायच्या. त्यांची जाऊ त्यांच्या शेजारच्या टेबलाला होती, ती गेली. जिने चढून आल्यावर त्यांना बोलायला जरा वेळ लागतो, तोवर त्या हाताने 'थांबा' अशी खूण करतात. आज आप्पा चहाला गेले होते, म्हणून माझ्याशी बोलल्या. कोर्टात मी मागच्या बाकावर असायचे, त्यांना मी आठवत नाही.

"सापडलं का हो काही?"

"वाचणं चालू आहे, मावशी."

"घंटा वाजली नाही बघा बाई. एरवी दिवसातून चारदा बोंबलायची मेली. वाजली असती तर आम्ही पळालो असतो. पळता येत होतं की आम्हाला!"

मी त्यांना पाणी दिलं. त्या गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

तुझी,
धाकटी


३ मार्च

ताई,

आता आडपडदा ठेवून काय उपयोग? तुला ते पान आठवतंय आणि मलाही.

अर्धं पान. रात्रपाळीच्या इंजिनिअरने पेनाने लिहिलेलं. 'मॅनेजर साहेबांच्या सांगण्यावरून धोक्याची घंटा बंद ठेवली आहे. सारखी वाजते म्हणून कामगार काम सोडून बाहेर जातात. पुढील जबाबदारी माझी नाही.' खाली सही, तारीख. तो इंजिनिअर म्हणजे मेलेल्या दोघांतला दुसरा. कोर्टाने मूळ कागद द्यायला लावले होते, त्यामुळे ते पान जगात एकच आहे. आपण ते दिलं. नियमाप्रमाणे दिलं, छाती ठोकून सांगता येईल असं दिलं. चौतिसाव्या खोक्यात, कॅन्टीनच्या चहाच्या चिठ्ठ्यांच्या मधोमध.

फर्म सोडायच्या दिवशी मी मोठ्या मीटिंगच्या खोलीत, सगळ्या ज्युनिअर पोरांच्या देखत तुला म्हणाले होते, "तू खोक्यांमध्ये माणसं पुरतेस ताई. मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये." सगळे टेबलाकडे बघत होते. तू नंतर एवढंच म्हणालीस, "खाली ड्रायव्हरला सांगते, सामान आहे तुझं." मी ती गाडी घेतली नाही. खोकं उराशी धरून चालत गेले आणि वाटेत मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आप्पा सोळाव्यात आहेत. मी हिशोब करून पाहिला, चौतीस गाठायला मे उजाडेल. गेल्या आठवड्यात मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आप्पा, कंटाळा येत असेल. थोडं शेवटाकडून वाचून बघा ना."

"शेवटी काय आहे?"

"मला काय माहीत?"

"मग शेवटाकडून कशाला?" असं म्हणून ते कपाटाला वळसा घालून माझ्या समोर आले. चष्मा काढला. "बाई, तुम्हाला त्या खोक्यांचं काही बोलायचं असेल तर मला नका सांगू. साहेबांना लिहून द्या. मी ऐकलं तर माझं वाचणं फुकट जाईल. उद्या कोर्टात तुमचे ते फर्मवाले म्हणतील, या म्हाताऱ्याला आतून कळलं होतं."

माणूस हुशार आहे. मी हसून वेळ मारून नेली. पण तेव्हापासून पानाचा आवाज झाला की माझा हात थांबतो. भाजी चिरताना थांबतो, दात घासताना थांबतो. घरी कोण पानं उलटतंय? मी एकटीच राहते. परवा कोणीतरी धापा टाकत जिना चढतंय असं वाटून मी दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं, तरी मी हातात पाण्याचा पेला धरून उभी होते.

मला सांगता येत नाही, ताई. सांगितलं तर जुन्या अशिलाचं गुपित फोडलं म्हणून माझी सनद जाईल. आणि त्या खोक्यांच्या यादीखाली सही तुझी आहे.

तुझी,
धाकटी


१२ मार्च

ताई,

आज जे झालं ते आधी सांगते, मग दुसरं सांगते. दुसऱ्याला हिंमत हवी आहे, ती येईपर्यंत पहिलं.

दर मार्चमध्ये इथे रेकॉर्ड रूम रिकामी करतात. पाच वर्षं झालेले किरकोळ कागद रद्दीत जातात, त्यांचा लगदा होतो. कुठलं किरकोळ आणि कुठलं नाही हे कोणी उघडून बघत नाही, खोक्यावर जे लिहिलंय ते बघतात. मग यादी बनते आणि विधी शाखेच्या सहीसाठी येते. विधी शाखा म्हणजे मी. आज सकाळी यादी माझ्या टेबलावर आली. नऊ पानं. सातव्या पानावर, जिल्ह्यांच्या जुन्या हजेरीपटांच्या खाली: 'कोल्ड स्टोरेज, खोके क्र. ३४, किरकोळ (कॅन्टीन)'. रद्दीची गाडी उद्या दुपारी येणार आहे.

आप्पांना विचारलं, तुमचं खोकं यादीत कसं? म्हणाले, "वर्गवारी खालच्या मजल्याचं काम. किरकोळ म्हटलं की उचलतात. हरकत असेल तर रकाना आहे ना, लिहा." खरंच आहे. प्रत्येक नोंदीसमोर एक बारका रकाना आहे: 'नष्ट करण्यास हरकत असल्यास कारण'. कारण न लिहिता मी नुसती बाजूला झाले, हे माझ्या जुन्या अशिलाचं आहे म्हणून, तर यादी शेजारच्या टेबलावर जाईल आणि तिथले गृहस्थ जेवायच्या आधी नऊच्या नऊ पानांवर सह्या करून मोकळे होतील.

म्हणजे मला काहीच करायचं नाही. मी हात झटकले की पान जाईल. तू सुटशील, मी सुटेन. कोणाला कधी कळणार नाही.

आता दुसरं.

खोक्यावर 'किरकोळ' तू लिहिलं नव्हतंस. ते अक्षर माझं आहे.

तू ते पान पहिल्या खोक्यात, सगळ्यात वर ठेवलं होतंस. मला म्हणालीसही होतीस, "हे आपल्याला बुडवणार आहे, पण द्यायचं ते वर ठेवून द्यायचं." दुसऱ्या दिवशी कंपनीचा तो टाय लावलेला माणूस आला. तू कोर्टात होतीस. तो माझ्या टेबलावर बसला. खुर्ची असताना टेबलावर. म्हणाला, "तुमच्या मोठ्या बाई फार तत्त्वाच्या. आमचं काम दुसऱ्या फर्मला गेलं तर त्यांना भागीदार कोण करणार?" बाकी काही बोलला नाही. त्याने मला काही करायला सांगितलं नाही, ताई. मी आपण होऊन केलं. तू दिवसरात्र राबून मला वकील केलंस, आणि मला वाटलं, तुझ्यासाठी काहीतरी करायची ही माझी पाळी. फार सफाईने केलं. चहाच्या चिठ्ठ्या तारखेने लावल्या, पान त्याच्याच तारखेला घातलं, खोक्यावर नाव टाकलं, यादी नव्याने टाइप केली आणि तुझ्यापुढे ठेवली. तू फोनवर होतीस. मला म्हणालीस, "तू बघितलंस ना?" आणि सही केलीस. तू जन्मात एकाच माणसाचे कागद न वाचता सही करायचीस.

मग जाऊ गेलेल्या त्या मावशी कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. खोकून खोकून त्यांना वाक्य पुरं करता येईना, आणि आपण जिंकलो. मला खोकी बघवेनात, पुठ्ठ्याचा वास सहन होईना. आपण घाण केली हे कबूल करण्यापेक्षा तू घाण आहेस म्हणणं सोपं होतं. म्हणून मी म्हटलं. पुरलं मी, आणि तोंड वर करून ओरडले तुझ्यावर. मग सरकारी नोकरी घेतली आणि मासिकात फोटो छापून घेतला.

मला माफ कर, असं लिहिणार होते. पण तुझी सही आहे गं त्या यादीवर. मी खरं सांगितलं तर तू न वाचता सही केलीस हे जगाला कळेल. तुझ्यासारखीला तुरुंग परवडला, हे नाही परवडणार.

यादी पिशवीत घालून घरी आणलीय. उद्या अकराला परत द्यायची आहे.

तुझी,
धाकटी


१३ मार्च

ताई,

लिहिलं.

रकाना एवढा बारका की कारण मावलं नाही, मागच्या बाजूला लिहावं लागलं. 'या खोक्यात अपघाताचा थेट पुरावा आहे. तो सापडू नये अशा रीतीने मी स्वतः लपवला. यादीवर सही करणाऱ्या माझ्या वरिष्ठांना हे माहीत नव्हतं.' खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं आणि उभे राहिले, मी कोणी पाहुणी असल्यासारखे. मग म्हणाले, "बाई, हे लिहायच्या आधी वकिलाशी बोललात का?" मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम यायला लागल्यावर कोणीतरी माझ्यामागे ती साडेतीन पायांची खुर्ची सरकवली.

खोकं साहेबांच्या टेबलावर उघडलं. मला दारात उभं केलं होतं. आप्पांनी एकेक चहाची चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली, दोनशेएक असतील, एकही गाळली नाही. मग थांबले. अर्धं पान दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे नेलं आणि मोठ्याने वाचलं. त्या मेलेल्या माणसाचं वाक्य मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. 'पुढील जबाबदारी माझी नाही' हे आप्पांनी पुन्हा एकदा वाचलं.

जाताना माझ्याजवळून गेले तेव्हा त्यांनी तो कागद छातीशी धरला. मी त्यांच्या जागी असते तर मीही धरला असता. खटला पुन्हा उघडणार. मला उद्यापासून कामावर येऊ नका असं सांगितलंय. सनदेची चौकशी वेगळी होईल, आणि तुला जबाबासाठी बोलावतील. 'वाचलं नव्हतं' एवढंच सांग. लाज वाटेल, वाटू दे. बाकी सगळं माझं आहे.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल

ताई,

आज मला चौकशीला बोलावलं होतं. मावशी जिन्यात भेटल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. मी पायरीवर बाजूला झाले. त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या, हाताने 'थांबा' केलं, दम गोळा केला आणि म्हणाल्या, "पाच वर्षं तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्या वर गेल्या. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की ते पानांचे आवाज थांबतील. थांबले नाहीत, उलट आता त्यात हाही आवाज मिसळला.

वर गेल्यावर चौकशी अधिकाऱ्याने तुझा जबाब माझ्यापुढे ठेवला. एकच पान. तुझ्यासारखीच तुझी वाक्यं, एक शब्द जास्त नाही. 'यादीतील प्रत्येक नोंद मी वाचली होती. पान कुठे ठेवलं आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या सांगण्यावरून केलं. ती तेव्हा नवखी होती.'

मी तो तिथेच तीनदा वाचला. अधिकारी म्हणाले, "हे तुम्ही मान्य केलंत तर तुमची सनद बहुतेक वाचेल. वरिष्ठांचा हुकूम पाळला असं होईल." आणि पेन पुढे केलं.

माझ्या सांगण्यावरून. तू कधी सांगितलंस, ताई? तू फोनवर होतीस. एका हातात फोन आणि एका हातात पेन, कपाळाला आठी. मी समोर उभी होते. तुझे डोळे यादीवर होते की नव्हते, ते मी आठवून आठवून थकले. कधी आठवतं की तू खिडकीबाहेर बघत होतीस. कधी आठवतं की चौतिसाव्या नोंदीवर तुझं पेन जरा थांबलं होतं.

मी 'मान्य नाही' लिहिलं. खाली कारण लिहिलं, 'माझी बहीण मला वाचवण्यासाठी खोटं बोलत आहे.' सही केली आणि पेन परत दिलं. सनद जाईल. जाऊ दे. तू मला लहानपणापासून पुष्कळ वेळा वाचवलंस, आता पुरे.

पण जिना उतरताना मी मधल्याच पायरीवर बसले. तू खरंच वाचलं असशील, तर त्या मीटिंगच्या खोलीत मी तुला नको नको ते बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं की ओरडणारीनेच ते पुरलंय. आणि तरी तू मला ताठ मानेने बाहेर जाऊ दिलंस, वर गाडी द्यायला निघालीस. आणि खटल्याची दोन वर्षं त्या मावशींना खोकताना ऐकून तूही गप्प बसलीस, माझ्यासाठी. हे मला झेपणार नाही, ताई. आख्खी पाच पत्रं तुझ्याकडे उत्तर मागत होते ना मी? आता मागत नाही. तू खोटं बोलली असशील तर ये, मला दोन थोबाडीत दे आणि इथेच राहा चार दिवस. आणि खरं बोलली असशील, तर ते कोणाला सांगू नकोस. मलाही नको.

तुझी,
धाकटी